परवाना आणि पाचारण

आमच्या इंदूरच्या मंडळीतील एक निवृत्त पतिपत्नी मागच्या हिवाळ्यात अंदमान पाहून आले. परतल्यावर बुधवारच्या पवित्र शास्त्र वर्गात त्यांनी प्रवासाची हकिकत सांगितली. सेल्युलर जेल पाहिले, निळा समुद्र पाहिला. पण त्यांच्या मनात घर करून राहिली ती जिरकाटांगची चौकी. बारातांगकडे जाणारा रस्ता तेथून पुढे जारवा लोकांच्या राखीव अरण्यातून जातो. पहाटेच चौकीपाशी मोटारींची रांग लागते. प्रवाशांची नावे आणि ओळखपत्रे यांचा तपशील फॉर्मवर भरून द्यावा लागतो. मग सगळ्या मोटारी पोलिसांच्या पहाऱ्यात एका ताफ्याने सुटतात. वाटेत थांबायचे नाही, फोटो काढायचा नाही, कोणी जारवा दिसला तरी त्याला खायला द्यायचे नाही.

हे ऐकून वर्गातील एका तरुणाने विचारले, "काका, कार निकोबारला नाही गेलात? तिथे तर बहुतेक सगळे आपलेच लोक, आपल्याच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे."

काका म्हणाले, "नाही रे बाबा. तिथे पर्यटकाला मुळी जाताच येत नाही. पास लागतो, आणि सबळ कारण असल्याशिवाय तो मिळत नाही."

तरुणाला हे रुचले नाही. तो म्हणाला, "देश एक, मंडळी एक, प्रभुभोजनाची भाकर एक. मग भावाच्या घरी जायला सरकारचा कागद कशाला?" त्यावर आमच्या शब्बाथ शाळेच्या एका शिक्षिकाबाईंनी हळूच दुसरा प्रश्न पुढे केला. "तो अमेरिकन मुलगा परवानगी न घेता बेटावर गेला आणि मारला गेला. माझ्या वर्गातली मुले विचारतात, बाई, तो हुतात्मा झाला का? मी त्यांना काय सांगू?"

वर्ग मी घेत होतो, तेव्हा उत्तर माझ्याकडूनच अपेक्षित होते. मी प्रार्थना करून वर्ग संपवला आणि घरी गेलो. खरे सांगायचे तर उत्तर मला ठाऊक नव्हते. त्यानंतरच्या काही आठवड्यांत वाचन, मनन आणि प्रार्थना यांतून जे सुचले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम कायदा काय आहे ते पाहू. अंदमान व निकोबार बेटांतील आदिवासी जमातींच्या संरक्षणासाठी १९५६ साली एक विनियम करण्यात आला. जारवा, ओंगी, शोंपेन, निकोबारी, सेंटिनेली अशा जमातींच्या राखीव प्रदेशांत परवानगीवाचून पाऊल ठेवण्यास या विनियमाने मनाई आहे. निकोबारसाठी उपायुक्तांच्या कचेरीतून पास घ्यावा लागतो. उत्तर सेंटिनेल बेटाच्या बाबतीत तर भोवतालच्या समुद्रातही ठरावीक अंतराच्या आत जाता येत नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन अ‍ॅलन चाऊ हा २६ वर्षांचा अमेरिकन तरुण याच बेटावर गेला. त्याच वर्षी परदेशी प्रवाशांसाठी असलेल्या एका निराळ्या परवान्याची अट काही बेटांपुरती सैल झाली होती, पण १९५६ चा विनियम जागेवरच होता. चाऊने मासेमारांना पैसे देऊन रात्रीच्या अंधारात होडी मिळवली. किनाऱ्यावर त्याने स्तोत्रे गायिली, भेटी देऊ केल्या. एक बाण त्याच्या हातातील पवित्र शास्त्रात रुतला. तो माघारी आला आणि पुन्हा गेला. पुढे मासेमारांनी दुरून पाहिले, तेव्हा बेटावरचे लोक त्याचे प्रेत वाळूत पुरत होते.

या तरुणाविषयी बोलताना आपण जिभेला लगाम घालावा. त्याने घरच्यांना लिहून ठेवले होते की, आपण मारले गेलो तर त्या लोकांवर किंवा देवावर राग धरू नये. त्याच्या कुटुंबीयांनी मारणाऱ्यांना जाहीर क्षमा केली आणि अटक झालेल्यांना सोडून द्यावे अशी विनंती केली. हे धैर्य आणि ही क्षमा ख्रिस्ती आहे, यात मला शंका नाही. परंतु धैर्य हा पाचारणाचा पुरावा नव्हे. ज्या कामासाठी माणूस मरावयास तयार होतो ते काम देवानेच सोपवलेले असते, असे शास्त्र कोठेही सांगत नाही. शिवाय या प्रकरणात अटक झालेल्या सात जणांपैकी बहुतेक गरीब मासेमार होते. त्या तरुणाच्या धैर्याची किंमत त्यांच्या बायकामुलांनीही मोजली.

येथे कोणी मला अडवील, आणि अडवावेच. तो म्हणेल, "अहो, आपली मराठी मंडळी तरी परवान्याने जन्मली काय?" आक्षेप खरा आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१२ साली कलकत्त्याला उतरले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. ते मुंबईला निघून आले. ११ फेब्रुवारी १८१३ रोजी ते मुंबईत पोचले आणि येथेही हद्दपारीचा हुकूम त्यांच्या पाठोपाठ आला. त्या वर्षाच्या अखेरीस ते परवानगीवाचून एका गलबतात बसून कोचीनपर्यंत गेले. तेथून त्यांना परत आणण्यात आले. शेवटी त्यांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना उघड पत्रे लिहून आपली बाजू मांडली. तिकडे विलायतेत १८१३ चा नवा सनदी कायदा झाला होता, आणि त्यांना राहू देण्यात आले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ हा असा आहे. आज मराठीत शास्त्र वाचणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी घराण्यांचा धागा त्या दोन बिनपरवाना पाहुण्यांशी जाऊन भिडतो.

शिवाय आम्ही मध्य प्रदेशातले. १९६८ चा आणि नंतर २०२१ चा कायदा आमच्या डोक्यावर आहे. "अर्ज", "सूचना", "परवानगी" हे शब्द कानी पडले की आमचे मन आपोआप आखडते, आणि पेत्र व इतर प्रेषितांनी न्यायसभेपुढे दिलेले उत्तर (प्रेषितांची कृत्ये ५:२९) आमच्या ओठांवर येते. माणसांपेक्षा देवाची आज्ञा मोठी, हे तत्त्व सोडून आपली मंडळी जगू शकणार नाही.

मग हॉल आणि नॉट यांचे बरोबर आणि चाऊचे चूक, असे कोणत्या आधाराने म्हणावे? यशावरून निवाडा करणे तर लबाडी होईल. मी पुष्कळ विचार केला, आणि मला एकच कसोटी सापडली: मनाई कोणाच्या रक्षणासाठी आहे?

कंपनीची मनाई कंपनीसाठी होती. तिला आपला व्यापार आणि आपली सत्ता सांभाळायची होती. मुंबईच्या रहिवाशांनी हॉल आणि नॉट यांना दार लावले नव्हते. वाद झाले, टीका झाली, पण लोक बोलत होते, ऐकत होते, मुलांना शाळेत पाठवीत होते; १८२४ साली तर या मिशनने मुंबईत मुलींची शाळाही सुरू केली. म्हणजे घरमालकाने बोलावले किंवा निदान उंबऱ्यावर बसू दिले, आणि वाट अडवली ती तिसऱ्याने. सेंटिनेलच्या बाबतीत मनाई करणारा आणि घरमालक यांचे म्हणणे एकच आहे. सरकारचा कायदा कागदावर जे सांगतो तेच तेथील माणसे धनुष्याने सांगतात. कोणी आपल्या दारात उभे राहून स्पष्टपणे "नको" म्हणत असेल, तर "मला देवाने पाठवले आहे" हे उत्तर पुरेसे होत नाही.

ते "नको" का म्हणतात, याचाही विचार करावा. १८५८ साली इंग्रजांनी अंदमानात कैद्यांची वसाहत वसवली, तेव्हा ग्रेट अंदमानी जमातीचे लोक हजारोंनी होते. आज ते जेमतेम पन्नासच्या आसपास उरले आहेत. हे सगळे तलवारीने झाले नाही. १८६३ साली रेव्हरंड हेन्री कॉर्बिन या पाद्रीसाहेबांनी रॉस बेटावर "अंदमान गृह" काढले. त्या लोकांना सुधारावे, शिकवावे, जवळ करावे, असा त्यामागे हेतू होता. त्या गृहात जन्मलेल्या मुलांपैकी एकही दोन वर्षांपलीकडे जगले नाही. पुढे १८७७ च्या गोवराच्या साथीने जमातीच्या जमाती ओस पाडल्या. १८८० साली पोर्टमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने उत्तर सेंटिनेलवरून एक म्हातारे जोडपे आणि चार मुले धरून पोर्ट ब्लेअरला नेली. सगळीच आजारी पडली. म्हातारा-म्हातारी दगावली, आणि मुलांना भेटवस्तू देऊन परत बेटावर सोडण्यात आले. त्या मुलांनी आपल्या माणसांत परतल्यावर काय सांगितले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

आपल्याला साधा पडसा वाटणारा आजार, ज्यांच्या रक्ताने तो कधी अनुभवला नाही, त्यांना प्राणघातक ठरतो. चाऊने लसी टोचून घेतल्या होत्या आणि काही दिवस एकांतात काढले होते, असे त्याच्या बाजूचे लोक सांगतात. असेलही. पण चुकल्यास किंमत कोण देणार होते? जो धोका पत्करायचा तो स्वतःवर पत्करावा, दुसऱ्याच्या लेकरांवर नव्हे. येथे मला पुन्हा गॉर्डन हॉल आठवतात. १८२६ साली ते नाशिकच्या बाजूस गेले, तेव्हा तेथे पटकीची साथ पेटलेली होती. त्यांनी आजाऱ्यांना आपल्याजवळची औषधे वाटली, आणि परतीच्या वाटेवर २० मार्च रोजी त्याच रोगाने त्यांना गाठले. त्यांनी लोकांची साथ आपल्या अंगावर घेतली. आपली साथ लोकांना दिली नाही. सुवार्तिकाचे धाडस असे असावे.

आता शास्त्राकडे वळू. परवानगी मागण्याचे प्रसंग पवित्र शास्त्रात किती आहेत हे पाहून मी स्वतः थक्क झालो. नहेम्याने राजापुढे उभे असता मनात प्रार्थना केली, आणि लगेच नदीपलीकडच्या सुभेदारांच्या नावे पत्रे मागितली (नहेम्या २:४-८). प्रार्थना केली म्हणून अर्ज करण्याचे त्याने टाळले नाही. मोशेने कादेशहून अदोमाच्या राजाकडे जासूद पाठवले: आम्ही राजमार्गानेच जाऊ, शेतामळ्यांत शिरणार नाही, पाणी प्यालो तर त्याचे मोल देऊ (गणना २०:१४-२१). जिरकाटांगच्या फॉर्मवरील अटींची येथे कोणाला आठवण झाली तर नवल नाही. अदोमाने नकार दिला. आणि लाल समुद्र दुभंगलेला पाहिलेले ते इस्राएल लोक वळसा घेऊन दुसऱ्या वाटेने गेले.

पौलाला आशियात आणि मग बिथुनियात वचन सांगायचे होते. हेतू उत्तम होता. परंतु त्याला जाऊ देण्यात आले नाही, आणि तेही पवित्र आत्म्याकडूनच (प्रेषितांची कृत्ये १६:६-१०). मासेदोनियाच्या माणसाने "या" म्हटले तेव्हा पौल निघाला. म्हणजे दार बंद असणे हेही कधी कधी देवाचेच मार्गदर्शन असते.

आणि प्रभू स्वतः? शोमरोनी गावाने त्याला उतरू दिले नाही. याकोब व योहान यांना आकाशातून अग्नी हवा होता. प्रभूने त्यांना दटावले आणि तो दुसऱ्या गावी गेला (लूक ९:५१-५६). गरसेकरांनी त्याला आपल्या प्रांतातून निघून जाण्याची विनंती केली. ज्याच्या शब्दाने वादळ थांबले होते तो निमूटपणे मचव्यात बसला (मार्क ५:१-२०). प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात तो दाराशी उभा राहून ठोठावताना दिसतो. ठोठावण्याला अर्थ केव्हा येतो? आतल्या माणसाला दार न उघडण्याचीही मोकळीक असते तेव्हाच. तशी मोकळीक नसेल तर ते ठोठावणे नव्हे, धडका मारणे होय.

हे मी पुस्तकांतूनच शिकलो असे नाही. माझी पदविका नुकतीच पदरी पडली होती, तेव्हा आम्ही पाचसहा तरुण झाबुआकडच्या एका भिल्लांच्या फलियात गेलो होतो. ढोलकी होती, चित्रे होती, उत्साह तर उतू जात होता. महुआच्या झाडाखाली बरीच माणसे बसलेली दिसली. आयतीच सभा मिळाली म्हणून आम्ही गायला लागलो. कोणी उठले नाही, कोणी रागावले नाही. तीन गाणी झाल्यावर एक म्हातारा जवळ आला आणि शांतपणे म्हणाला की, त्या समोरच्या घरात आज सकाळी लेकरू वारले आहे. तुम्ही आधी विचारायला हवे होते. मग त्याने आम्हाला पाणी देवविले. तेथून मोटारीच्या थांब्यापर्यंत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. त्या घरातील मातेला आमच्या प्रभूविषयी त्या दिवशी काय कळले असेल? त्या पाण्याची चव मी अजून विसरलेलो नाही.

आता त्या तरुणाच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो: भावाच्या घरी जायला कागद कशाला? याचे उत्तर कार निकोबारच देते. त्या बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॉलोमन नावाचे तमिळ गृहस्थ रीतसर सरकारी नेमणुकीने राहिले. त्यांनी शाळा चालवली आणि तेथील काही मुलांना जीव लावला. त्या मुलांपैकी एक जॉन रिचर्डसन. ते ब्रह्मदेशात शिकले, आपल्या बेटावर परतले, शिक्षक झाले आणि आपल्या लोकांच्या भाषेत नवा करार आणला. दुसऱ्या महायुद्धात जपानी अंमलाखाली त्या मंडळीने फार छळ सोसला. १९५० साली रिचर्डसन बिशप झाले आणि १९५२ च्या पहिल्या लोकसभेत त्या बेटांचे प्रतिनिधी म्हणून त्यांची नेमणूक झाली. गरसेकरांच्या प्रांतात प्रभूने हेच केले होते. बरा झालेला मनुष्य बरोबर येऊ म्हणत होता. प्रभूने त्याला घरी, आपल्या माणसांत पाठवले. प्रभूला परत जावे लागले, पण साक्ष आतच राहिली.

२००४ च्या त्सुनामीने कार निकोबारची गावेच्या गावे धुऊन नेली. त्या लोकांची जमीन थोडी, लोक थोडे, आणि समुद्रापलीकडून येऊ पाहणारे व्यापारी, पर्यटक, जमिनीचे गिऱ्हाईक पुष्कळ. पास नसता, तर आपल्याआधी तेच पोचले असते. तेव्हा तो कागद भावाभावांत उभी केलेली भिंत नाही. भावाच्या अंगणाचे ते कुंपण आहे. खरा भाऊ कुंपण पाहून फाटकापाशी हाक मारतो. कुंपणाची राखण करणाऱ्यालाही हीच कसोटी लागू आहे, हेही सांगितले पाहिजे. ग्रेट निकोबारवर मोठे बंदर, विमानतळ आणि शहर वसवण्याच्या प्रकल्पाला २०२२ साली पर्यावरण मंजुरी देण्यात आली. पाहुण्याला फाटकापाशी अडवणाऱ्याने शोंपेन आणि निकोबारी लोकांचे "हो" की "नको" तेवढ्याच आदराने ऐकावे, असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे आणि ते आपले कर्तव्यही आहे.

तरीही एक काटा मनात राहतोच, आणि तो मी लपवीत नाही. मग त्या सेंटिनेली लोकांना तारणाची वार्ता कधीच कळणार नाही काय? मी त्याला असे उत्तर देतो की, ज्या देवाने त्यांना निर्माण केले आणि इतक्या पिढ्या त्या बेटावर सांभाळले, त्याला ते आपल्यापेक्षा अधिक प्रिय आहेत. तो आपल्या होडीवाचून अडून बसलेला नाही. त्यांच्यासाठी प्रार्थना करायला कोणताही परवाना लागत नाही. कधी काळी त्यांच्यातूनच कोणी हाक मारील, जशी मासेदोनियाच्या माणसाने मारली. तोवर थांबणे ही आपल्या विश्वासाची परीक्षा आहे, आणि मला वाटते की मरण्यापेक्षा थांबणे पुष्कळदा कठीण असते. हे उत्तर देऊनही माझे मन पूर्ण शांत होते असे नाही. ते तसे होऊही नये; सुवार्तेचा भार वाहणाऱ्या मनाला थोडी बेचैनी असणेच योग्य.

शिक्षिकाबाईंना मी शेवटी एवढेच सांगितले: "मुलांना सांगा, तो तरुण प्रभूवर प्रीती करीत होता आणि त्याचा न्याय प्रभूच करील. पण त्याच्यासारखे जावे का, असे मुलांनी विचारले तर त्यांना अदोमाच्या सीमेची गोष्ट सांगा." बाईंनी पुढच्या रविवारी तो पाठ घेतला. एका मुलाने विचारले म्हणे, "मग मोशे हरला का?" बाई म्हणाल्या, "नाही, तो वळसा घेऊन गेला."

वाचकहो, आपल्यापैकी फार थोडे जण त्या बेटांवर जातील. पण शेजारच्या बिऱ्हाडात, इस्पितळातील खाटेपाशी, दुःखात बुडालेल्या घरात आपण रोजच जातो, आणि पुष्कळदा हातात पत्रके आणि तोंडात तयार उत्तरे घेऊन जातो. पुढच्या खेपेस दाराशी क्षणभर थांबून "येऊ का?" असे विचारावे. "या" म्हटले तर प्रभूचे आभार मानून आत जावे. "आज नको" म्हटले तर प्रभूचे स्मरण करून शांतीने परतावे, आणि त्या घराला आपल्या प्रार्थनेतून गाळू नये.